पाऊचवर क्यूआर टाकावा की डेटामॅट्रिक्स? दोन्ही छापून बघितल्यावर सांगतोय

गेल्या दोन-तीन महिन्यांत नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की पाऊचच्या छपाईचे सिलेंडर नवीन करायचेत, तर टूडी कोड (क्यूआर किंवा डेटामॅट्रिक्ससारखा ठिपक्यांचा चौकोनी कोड) आत्ताच घालून घेऊ का आणि घालायचा तर कुठला. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. आमचा धंदा छोटा आहे, चिवडा, शेव आणि थोडा काळा मसाला, त्यामुळे मी जे सांगतोय ते पाऊचमधल्या मालाबद्दल आहे हे धरून चला.

दोन गोष्टी आधी सांगतो कारण त्यावरून लोक उगाच घाबरलेत. २०२७ हे जे सगळीकडे ऐकू येतंय तो कायदा नाही, बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस-वन या संस्थेने ठेवलेलं उद्दिष्ट आहे, की २०२७ च्या अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरवर उभ्या रेघांच्या बारकोडबरोबर टूडी कोडही वाचता आला पाहिजे. म्हणजे मुख्य जबाबदारी दुकानदाराच्या स्कॅनरवर आणि सॉफ्टवेअरवर आहे. आणि १९७४ साली ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं तेव्हापासून चालत आलेल्या त्या रेघा लगेच जाणार नाहीयेत, ८९० ने सुरू होणारा ईएएन, म्हणजे तोच रेघांचा बारकोड, पाऊचवर ठेवायचाच आहे, टूडी त्याच्या शेजारी येणार. कोणी तुम्हाला रेघा काढून टाका म्हणत असेल तर कृपा करून ऐकू नका.

आता मूळ प्रश्न. मी सुरुवात डेटामॅट्रिक्सपासून केली होती. अंबडमधला एक मित्र औषधांच्या पॅकिंगमध्ये आहे, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं डेटामॅट्रिक्सच चालतो, युरोपात तर २०१९ पासून प्रिस्क्रिप्शनच्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर तोच लागतो, आणि तो म्हणाला भाऊ डोळे झाकून हाच घे, जागा कमी खातो आणि वाचायला पक्का आहे. जागेचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. जीटीआयएन (म्हणजे रेघांखाली असतो तोच वस्तूचा नंबर), बॅच आणि बेस्ट बिफोर एवढं भरलं तर आमचा डेटामॅट्रिक्स २० बाय २० ठिपक्यांत बसला आणि त्याच्या भोवती फक्त एका ठिपक्याएवढी मोकळी जागा लागते. तीच माहिती क्यूआरमध्ये वेबसाइटच्या पत्त्यासकट घातली की ३३ बाय ३३ होतो आणि वर चारही बाजूंनी चार-चार ठिपके मोकळे सोडावे लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका धरला तर एक साधारण ११ मिलिमीटरचा चौकोन आणि दुसरा २० च्या वर. दहा रुपयांच्या शेवेच्या पाकिटावर हा फरक म्हणजे घटकपदार्थांच्या दोन ओळी गेल्या. त्यामुळे पहिला रोल डेटामॅट्रिक्सचा काढला आणि मी खूश होतो.

पण डेटामॅट्रिक्स गिऱ्हाइकाच्या फोनला कळत नाही. वेगळं अ‍ॅप असेल तर कळतो, पण आपलं गिऱ्हाईक कॅमेरा उघडतं आणि धरतं. रोल बाजारात गेल्यावर गंगापूर रोडवरच्या एका बाईंचा फोन आला, दादा त्या बारक्या चौकोनावर फोन धरून धरून हात दुखला, काहीच येत नाही, छपाई खराब आहे का. म्हणून आम्ही पुढच्या लॉटला मागच्या बाजूला आमच्या वेबसाइटचा साधा क्यूआरही टाकला. म्हणजे एका पाऊचवर तीन कोड झाले, रेघा, डेटामॅट्रिक्स आणि क्यूआर. तेव्हा त्यात काही चूक आहे असं अजिबात वाटलं नव्हतं.

मग एक दिवस कॉलेज रोडच्या एका दुकानात माल द्यायला मीच गेलो होतो आणि काउंटरपाशी उभा राहून बघत होतो. त्यांच्याकडे नवीन कॅमेऱ्यावाला स्कॅनर, तोंड वर करून ठेवलेला. मुलीने आमचा चिवडा त्याच्यावरून फिरवला, बीप झालं, आणि स्क्रीनवर वस्तूच्या रकान्यात त्या साध्या क्यूआरमधली लिंक टाइप झाली, खाली आयटम सापडत नाही. तिने पुसलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मागे रांगेत सहा-सात माणसं. तिसऱ्यांदा तिने पाऊच हातात धरून उजव्या अंगठ्याने तो क्यूआर झाकला, अंगठा दाबल्यावर आतल्या पोह्यांचा चुरा होताना मला ऐकू आला, आणि मग रेघा वाचल्या गेल्या. मी विचारलं रोज असंच होतं का, तर म्हणाली काका तुमच्या पाकिटाला अंगठा लावायचा हे सगळ्यांना माहितीये, सकाळच्या शिफ्टच्या मुलाने तर आतल्या रॅकवरच्या पाकिटांना चिकटपट्टी लावून ठेवलीये.

खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. आपण मालात कुठे कमी पडत नाही, शेंगदाणा निवडून घेतो, तेल बदलतो, आणि काउंटरवरची मुलगी आपल्या पाकिटाला वैतागलीये. दुकानदार तोंडावर काही बोलत नाही पण पुढची ऑर्डर लिहिताना हात आखडतो.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. कारण नीट बघा, डेटामॅट्रिक्स घेतला की गिऱ्हाइकासाठी दुसरा क्यूआर लागणारच, आज नाही टाकला तरी मार्केटिंगवाला उद्या टाकायला लावणार. आणि तो साधा क्यूआर काउंटरला कधीच उपयोगाचा नाही, दुकानाने कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी त्यात वस्तूचा नंबरच नाही तर ते काय शोधणार. तो कायम अडथळाच राहणार. याउलट जीएस-वन डिजिटल लिंकचा क्यूआर घेतला तर त्याच्या पत्त्यातच जीटीआयएन बसलेला असतो, फोनने वाचला तर पान उघडतं, काउंटरने वाचला तर त्यातले आकडे उचलायचे. पाऊचवर दोनच कोड, आणि दोन्हीत एकच नंबर. स्कॅनरने कुठलाही पकडला तरी वस्तू तीच निघते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे दुकानाचं सॉफ्टवेअर तयार असेल तेव्हाच. जुन्या सॉफ्टवेअरला डिजिटल लिंक पण नुसता लांबलचक पत्ताच दिसतो, आणि तसं बघितलं तर डेटामॅट्रिक्समधली लांब ओळ पण त्याला कळत नाहीच. त्या कॉलेज रोडच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरवाल्याला आम्ही नमुने नेऊन दिले, त्याने सेटिंग करून दिलं, आता तिथे अंगठा लावत नाहीत. रविवार कारंजा, मेन रोडकडच्या जुन्या दुकानांत अजून लाल रेषेची लेझर गन आहे, तिला टूडी कोड दिसतच नाही, ती आपली रेघाच वाचते, तिथे काहीच त्रास नाही.

डेटामॅट्रिक्सच्या बाजूने अजून एक गोष्ट मान्य करायलाच हवी. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या सुपरमार्केटवाल्यांनी २०१९ पासून मांसाच्या पॅकवर टूडी कोड आणले, त्यात तारीख असल्यामुळे मुदत संपलेला पॅक काउंटरवरच अडतो, आणि त्यांनी सुरुवात डेटामॅट्रिक्सनेच केली. म्हणजे किराणा मालाला तो चालत नाही असं बिलकुल नाही. तुमचा माल औषध किंवा सर्जिकल असेल, किंवा बाटलीचं झाकण, छोटी ट्यूब असं काही असेल जिथे २० मिलिमीटर मिळतच नाही, तर मित्राचा सल्ला माझ्यापेक्षा बरोबर आहे, डेटामॅट्रिक्सच घ्या. पण घरात जाणाऱ्या खाण्याच्या पाकिटाला मला क्यूआरच बरा वाटतो. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेने पण २०२३ मध्ये अंध लोकांना फोनवरून माहिती ऐकता यावी म्हणून पाकिटावर क्यूआर टाका असा सल्ला दिला होता, ती सोय डेटामॅट्रिक्सने तितकी सहज होत नाही.

क्यूआरचे त्रास वेगळे आहेत, तेही ऐका. पहिला म्हणजे आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे. एका किराणा दुकानात माणूस पेमेंट अ‍ॅप उघडून आमच्या पाऊचवरच धरत होता आणि चुकीचा कोड म्हणून दुकानदाराशी वाद घालत होता. तेव्हापासून खाली ‘मालाच्या माहितीसाठी स्कॅन करा’ असं ठळक छापतो. दुसरा त्रास डोमेनचा. पत्ता स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावावर घेतलेल्या वेबसाइटच्या नावाचा घ्या, आणि दरवर्षी नूतनीकरण कोण करणार ते घरातल्या दोन माणसांना माहीत पाहिजे, कारण डोमेन गेलं तर बाजारातलं प्रत्येक पाकीट मुकं होतं, काउंटरचं चालेल पण फोनवर काही उघडणार नाही. आम्ही साधा क्यूआर केला होता तो एका एजन्सीकडून छोट्या लिंकचा घेतलेला, वर्षाचे पैसे भरायला पंधरा दिवस उशीर झाला तर लिंक बंद, आणि माल दुकानात. शिवाय असल्या छोट्या लिंकमध्ये जीटीआयएन नसतो, म्हणजे २०२७ च्या दृष्टीने ती शून्य कामाची. कोणी ‘डायनॅमिक क्यूआर’ विकायला आला तर पहिला प्रश्न हाच विचारा, की पत्त्यात माझा जीटीआयएन दिसतो का.

आणि जीटीआयएन लिहिताना तो १४ आकडी लागतो, म्हणजे आपल्या १३ आकड्यांच्या आधी एक शून्य. आमच्या डिझायनरने ते शून्य जास्तीचं समजून काढून टाकलं होतं, नशीब प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात सापडलं.

राहिलं छपाईचं. इथे दोन्ही कोडांचं दुखणं एकच आहे. सिलेंडरवर कोरलेला कोड प्रत्येक पाकिटावर तोच येणार, त्यात बॅच-तारीख घालता येत नाही. बॅच हवी तर पाकीट भरायच्या मशीनवरच छापायला हवं, आणि कॉलर टाइप भरणी मशीनवर जो गरम ठशांचा बॅच कोडर असतो त्याने ते होत नाही, रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर लागतो. तो खर्च आम्ही अजून अर्ध्याच मशीनवर केलाय. बाकीच्या मशीनवर रोलवरच छापलेला क्यूआर आहे, त्यात नुसता जीटीआयएन, आणि तारीख पूर्वीसारखी शेजारी ठशाने. हे पूर्ण चालतं. मला विचाराल तर छोट्या युनिटने इथूनच सुरुवात करावी. इथे पण क्यूआर थोडा पुढे जातो, कारण आत नुसता जीटीआयएन असला तरी गिऱ्हाइकाला पान उघडतं, डेटामॅट्रिक्समध्ये नुसता जीटीआयएन टाकला तर त्या रेघांपेक्षा जास्त काय दिलं हा प्रश्न उरतोच.

पण नवीन सिलेंडर करताना आत्ताच एक पांढरी खिडकी सोडून घ्या, ईएएनच्या शेजारी, साधारण २५ बाय २५ मिलिमीटरची, पुढे प्रिंटर आला की कोड तिथे पडेल आणि सिलेंडर पुन्हा करावे लागणार नाहीत. खिडकीखाली पांढऱ्याचा भरपूर थर द्यायला सांगा, नाहीतर चांदीच्या फिल्मची चमक आतून मारते आणि स्कॅनरला पांढरं ते काळं दिसतं. आमचा पहिला लॉट त्यातच अडकला होता. खिडकी आय मार्कपासून (रोल कुठे कापायचा हे मशीनला दाखवणारी खूण) मोजून ठेवा आणि सीलपासून लांब, कारण रोल दोन-तीन मिलिमीटर सरकतोच, आणि सीलच्या दातऱ्यांवर चढलेला कोड, क्यूआर असो की डेटामॅट्रिक्स, कोणीच वाचत नाही.

सिलेंडर ओके करायच्या आधी प्रूफ कापून भरलेल्या, हवा मारलेल्या पाकिटावर चिकटवा. सपाट कागदावर सगळंच वाचलं जातं. आम्ही तशी दहा पाकिटं करून एक लेझर गनवाल्या दुकानात, एक कॅमेऱ्यावाल्या काउंटरला आणि उरलेली आईच्या जुन्या फोनवर संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये वाचून बघितली. तिच्या फोनवर दोन वाचली नाहीत, तेव्हा कोड अडीच मिलिमीटरने मोठा केला आणि मगच सही केली.