कार्सन सिटीचे डॉलर मोडीच्या भावात

अमेरिकेत हॉटेलचा हॉल दोन-तीन दिवस भाड्याने घेऊन 'जुनं सोनं, चांदी, नाणी रोखीने घेतो' अशी जाहिरात करणारे फिरते व्यापारी असतात. मिशिगनमध्ये माझ्या काकूंना अशाच एकाने दिवसाढवळ्या लुटलं, तेही रीतसर पावती देऊन.

सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारने तिजोरीत पडून राहिलेले चांदीचे मॉर्गन डॉलर (एक डॉलरची जुनी नाणी) टपालाने बोली मागवून विकले. त्यात नेवाडातल्या कार्सन सिटी टांकसाळीचे बरेच होते. 1882 ते 1884 सालच्या नाण्यांना किमान बोली 30 डॉलरची. काकांनी तेव्हा पोटाला चिमटा काढून काही घेतले. प्रत्येक नाणं सीलबंद पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, वर काळी पेटी आणि आत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या नावाचा मजकूर. काका गेल्यावर काकूंना घर आवरायचं होतं, म्हणून मी त्यांना त्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो.

टेबलामागचा माणूस भारी गोड बोलणारा. आधी त्याने 1965च्या आधीचे क्वार्टर (पाव डॉलरची चांदीची नाणी) मोजले आणि त्यांचा भाव खरंच चोख दिला. काकू खूश. मग डॉलरच्या पेट्या पुढे ओढून म्हणाला, "प्लॅस्टिकसकट वजन कसं करणार?" आम्ही काही बोलायच्या आत पक्कड लावून कोपरा कचकन तोडला, नाण्यावरच्या बाईच्या गालावर अंगठा दाबत ते बाहेर काढलं आणि काट्यावर टाकलं. पाठोपाठ बाकीचे.

मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा, त्यात 90 टक्के चांदी. आम्ही गेलो तेव्हाचा भाव औंसाला 25 डॉलर धरला तर आतली चांदी 19 डॉलरच्या आसपास. त्याने त्यातही आपलं कमिशन कापलं. म्हणजे काकांनी इतक्या वर्षांपूर्वी मोजले, त्याहूनही कमी हाती आले! त्या सरकारी पेटीतलं धड नाणं संग्राहक शेकडो डॉलरना घेतात. सीलबंद प्लॅस्टिक फुटलं की त्यासाठीचा जादा भाव गेला आणि तुकडे जोडून परत येत नाही.

आता तुमच्या घरी असे डॉलर असतील तर मागची बाजू बघा. गरुडाखालच्या माळेची गाठ असते, तिच्या खाली टांकसाळीचं अक्षर. 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी, 'एस' सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' न्यू ऑर्लिन्स. काहीच नसेल तर बहुधा फिलाडेल्फिया. साल आणि हे अक्षर एकत्र वाचायचं. 1893चा 'एस' फक्त एक लाख पाडला गेला, म्हणून त्याला भाव प्रचंड. आणि म्हणूनच साध्या नाण्यावर 'एस' चिकटवून विकणारेही आहेत, तेव्हा विकत घेतानाही जपा. आणि कृपा करून पीतांबरी लावू नका. घासलेली चकाकी जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो.

पावतीवर आमच्या डॉलरचं साल नाही, अक्षर नाही. नुसतं 'मिश्र चांदी' आणि ग्रॅम. कोणती नाणी दिली हे कागदावर कुठेच नसल्यामुळे तक्रारीला पुरावाच उरला नाही. म्हणून जाण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. तिथे प्रत्येकाचा वेगळा भाव साल आणि अक्षरासह लिहून मागा. समोरच्याने पक्कड हातात घेतली की नाणी उचलून घरी या.