ट्रेलरचे टायर बदलताना कोड आतल्या बाजूला जाऊ देऊ नका

गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरचे, चारही टायर बदलून मिळतात. काळेभोर, नक्षी पूर्ण, कारखान्यातून निघताना असतात ती रबराची बारीक केसंसुद्धा जागेवर. बिलावर एकच ओळ असते: ‘ट्रेलर टायर, १५ इंच, ४ नग’. पुढच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात एका टायरची नक्षीची अख्खी पट्टी सुटते. ती चाकावरचा पत्रा फाडते आणि तळातल्या वायरी नि पाइप घेऊन जाते. मग कोणीतरी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवं होतं आणि टायरच्या आतल्या अंगावरचा, कधी बनला ते सांगणारा कोड वाचतं. बसवले त्याच दिवशी ते टायर सहा वर्षांचे झालेले असतात.

अमेरिका-कॅनडात ट्रेलर ओढणाऱ्यांना फसवण्याची ही ठरलेली पद्धत आहे. टायर वापरलेले नसतात, त्यामुळे ‘नवे’ म्हणून विकताना दुकानदाराला खोटंही बोलावं लागत नाही.

कोड वाचणं अगदी सोपं आहे. ‘डीओटी’ (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अडचण अशी की तारखेसकट पूर्ण कोड बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट. चारही टायरांची तारीख आत गेलेली दिसली, तर तो योगायोग समजू नका. टायर रिमवर चढण्याआधी, जमिनीवर उभे असतानाच चारही कोडांचे फोटो काढा. स्पेअरचाही काढा, कारण सगळ्यात जुना माल स्पेअरच्या नावाखाली खपतो.

‘नक्षी तर भरपूर आहे’ हे उत्तर ऐकायला मिळेलच. ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच मरतो, तो वयानं मरतो. रोज फिरणाऱ्या टायरच्या रबरातली संरक्षक मेणं वाकण्या-दबण्यामुळे पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या टायरला ऊन आणि हवेतला ओझोन नुसता खात बसतो. शिवाय दोन एक्सलचा, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांचा, ट्रेलर अरुंद जागेत वळवला की टायर आडवे घासले जातात आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्यांवर बाजूनं ताण येतो. पट्ट्यांमधलं रबर जुनं असेल तर पकड तिथेच सुटते. पाच-सहा वर्षांत नक्षी कितीही असो, टायर बदलावा लागतो. मग तीन वर्षं गोदामात पडलेला टायर पूर्ण किमतीला घेणं म्हणजे निम्मं आयुष्य फुकट घालवणं. बसवताना टायर एका वर्षाच्या आतला असावा, अशी अट ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

दुसरी फसवणूक याहून घातक आहे. ट्रेलरच्या टायरवर मापाआधी ‘एसटी’ लिहिलेलं असतं, प्रवासी गाडीच्या टायरवर ‘पी’. रुंदी, उंची, रिम सगळं सारखं, म्हणून ‘माप एकच आहे’ असं सांगून पी टायर बसवले जातात. आता आकडे बघा. एसटी २२५/७५ आर १५, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) डी, हा टायर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबाला २५४० पौंड उचलतो. तोच लोड रेंज ई मध्ये ८० पीएसआयला २८३० पौंड. पी २२५/७५ आर १५ हा नेहमीचा कारचा टायर उचलतो १८७४ पौंड, आणि ट्रेलरला लावताना तो आकडा १.१० ने भागावा लागतो. उरतात १७०४. तुमचा एक्सल ४४०० पौंडांचा असेल तर प्रत्येक चाकावर २२०० पौंड येतात. डी टायरला ३४० पौंडांची सवड राहते. पी टायर पाचशे पौंडांनी कमी पडतो, आणि तेही दोन्ही बाजूंना भार सारखा आहे असं धरून. प्रत्यक्षात स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी एका अंगाला असते. शक्य असेल तर प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून घ्या, निदान प्रत्येक एक्सलचं तरी, आणि तेही सामान व पाणी भरून.

एक्सल ५२०० पौंडांचा असेल तर डी टायरसुद्धा पुरत नाही. ५२०० चे अर्धे २६०० होतात. तिथे ई च लागतो.

‘टेन प्लाय’ हा शब्द ऐकून भुलू नका. लोड रेंज ई ला टेन प्लाय रेटिंग म्हणतात, पण ते ताकदीचं माप आहे, थरांची मोजणी नव्हे. खरे थर किती आणि कशाचे, हे टायरच्या बाजूवर छापलेलंच असतं. ‘पूर्ण स्टीलचा’ म्हणून विकलेल्या टायरच्या बाजूवर पॉलिएस्टर लिहिलेलं असेल, तर तो पूर्ण स्टीलचा नाही. मापातलं मधलं अक्षरही वाचा. आर म्हणजे रेडियल, डी म्हणजे आडव्या-तिरप्या थरांचा जुन्या पद्धतीचा टायर. हा डी आणि लोड रेंजचा डी वेगळे आहेत, आणि हा घोळ दुकानदाराच्या पथ्यावर पडतो. वेगाचं अक्षर एल असेल तर मर्यादा ताशी ७५ मैल, एम असेल तर ८१. अक्षरच नसेल तर ६५ च्या वर जाऊ नका.

व्हॉल्व्हकडे कोणाचंच लक्ष जात नाही, म्हणून तिथे पैसे मारले जातात. रबराचा साधा दाबून बसवायचा व्हॉल्व्ह, टीआर ४१३, ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. ई टायरला ८० पीएसआय हवा लागते. बिलात ‘हाय प्रेशर व्हॉल्व्ह’ लावून प्रत्यक्षात ४१३ च बसवला, तर वरून चटकन कळत नाही. महामार्गावर गरम झाल्यावर तो बुडाशी हवा सोडू लागतो. हवा कमी झाली की टायर जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो, मग दोष टायरवर येतो. नटानं आवळायचा धातूचा व्हॉल्व्हच मागा, तो डोळ्यांनी ओळखता येतो. डी वरून ई वर जाताय तर रिमही ८० पीएसआय सोसणारं हवं. रिमचा कमाल दाब आणि भार बहुधा त्याच्या मागच्या बाजूवर ठोकलेला असतो. टायर उतरवलेला असतानाच त्याचा फोटो घ्या. तो आकडा न बघताच ई टायर गळ्यात मारणारा माणूस तुमच्या सुरक्षिततेचा विचार करत नाहीये.

बिलावर पूर्ण माप, लोड रेंज, चारही डीओटी कोड आणि व्हॉल्व्हचा प्रकार लिहून मागा. लिहायला नकार मिळाला तर जुने टायर तसेच ठेवून बाहेर पडा. अमेरिकेत टायर विकणाऱ्यानं नोंदणीचा अर्ज देणं किंवा स्वतः नोंदणी करणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती नोंदणी झाली तरच टायर परत मागवले गेल्याचं पत्र तुमच्यापर्यंत पोचतं.

१५ इंची चाकांचे नट साधारणपणे ९० ते १२० फूट-पौंडांना टॉर्क पान्यानं आवळतात, पण तुमच्या एक्सलच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण माना. पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

फसवणूक झालीच असेल तर टायरच्या कोडाचे, व्हॉल्व्हचे आणि बिलाचे फोटो काढा. कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रार नोंदवा. टायरमध्येच दोष आहे असं वाटलं तर एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे कोडसकट कळवा. आणि फुटलेला टायर ‘कंपनीकडे तपासायला पाठवतो’ म्हणून दुकानदार मागेल, तो देऊ नका. कोड असलेला तुकडा तुमच्याच ताब्यात राहू द्या.