घडीचा कागदी मायक्रोस्कोप: चिलटाच्या पंखासाठी तरी घ्याच

आमच्याकडे देवगडला मे महिन्यात हापूसच्या साली पडवीत तासभर राहिल्या की चिलटं आलीच, त्यातलंच एक मेलेलं उचललं, पंख चिकटपट्टीवर घेतला आणि नवीन आलेल्या कागदी मायक्रोस्कोपात सरकवला. चिलट म्हणजे लॅबवाल्यांची ड्रोसोफिला, आंब्यात अळी करते ती फळमाशी वेगळी. १४० पट मोठं दिसतं. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा पंख, त्यावर बारीक केस दाटीवाटीने आणि सगळेच्या सगळे पंखाच्या टोकाकडे झुकलेले! मी अकरावी-बारावीला बायो शिकवते, वाचून माहीत होतं, तरी त्या रात्री जेवण गार झालं माझं.

एका पेशीला एक केस, पंखात अशा सुमारे ३०,००० पेशी, मग दिशा ठरते कशी? सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले ही तर कौलं घातलीत. खरंच तसंच आहे. प्रत्येक पेशीत टोकाकडच्या कडेला फ्रिझल्ड नावाचं प्रोटीन जमतं, मुळाकडच्या कडेला व्हॅन गॉग, त्यामुळे एकीचं फ्रिझल्ड शेजारणीच्या व्हॅन गॉगसमोर येतं आणि फ्लेमिंगो नावाचं तिसरं प्रोटीन दोघींना सांधून धरतं, कौलाची खाच पुढच्या कौलात अडकते ना तसं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की मधल्याच एका ठिपक्यातल्या पेशींचं फ्रिझल्ड गेलं तर त्यांचे केस भरकटतातच, पण टोकाकडच्या बाजूला लागून असलेल्या धडधाकट पेशींचे केससुद्धा उलटे फिरून त्या ठिपक्याकडे वळतात. प्रत्येक पेशी आपापलं ठरवत असती तर शेजारणीचं कशाला बिघडलं असतं? आपल्या कानाच्या आतल्या पेशींचे केससुद्धा ह्याच घराण्यातली प्रोटीनं एका रांगेत लावतात.

प्रोटीनं ह्यात दिसत नाहीत हां, केसांची दिशा दिसते, माझ्या पोरांना तेवढी पुरली.

आता वस्तूचं. फोकस अंगठ्याने पट्टी सरकवून करायचा, जरा जोर पडला की पंख गायब, पहिला आठवडा वैताग येतो. ऑनलाइन दुकानाने पहिल्यांदा भिंगच पाठवलं नव्हतं, बदलून यायला तीन आठवडे गेले. पण आपल्या दमट हवेत काचेच्या मायक्रोस्कोपाच्या भिंगांना दर पावसात बुरशी येते, हा मी तांदळाच्या डब्यात ठेवते, एकदम स्वच्छ आहे. ४०० पट हवं असेल तर घेऊ नका. पंख बघताना मागून मोबाईलचा टॉर्च लावा, खिडकीच्या उजेडात केस फिके दिसतात.