गॉल किल्ला : मुक्काम तटाच्या आत, दुपारचे जेवण वेशीबाहेर

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉल हे गाव मराठी वाचकाला बहुधा कसोटी सामन्यांमुळे ठाऊक असते. मैदानामागे दिसणारा तट आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा, तोच गॉलचा किल्ला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात येथे तटबंदीला सुरुवात केली, १६४० मध्ये डचांनी तो जिंकून सध्याच्या रूपात बांधून काढला, आणि १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला ओसाड नाही. त्यात आजही कुटुंबे राहतात, न्यायालये चालतात, मशिदीतून बांग ऐकू येते. कोलंबोहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने येथे राहण्याचा विचार अनेकांच्या मनात येतच नाही, आणि जे राहतात त्यांतले बरेचजण पाचेक किलोमीटरवरच्या उनावटुनाच्या किनाऱ्यावर खोली घेतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. निदान दोन रात्री तरी तटाच्या आत काढाव्यात. जेवणाच्या बाबतीत मात्र तटाला चिकटून राहू नये.

आत राहण्याचे खरे कारण समुद्राचे दृश्य नव्हे, तर वेळ हे आहे. सकाळी दहाच्या सुमारास सहलीच्या गाड्या दरवाजातून आत येऊ लागल्या की चर्च स्ट्रीट आणि पेडलर स्ट्रीटवर चालणे कठीण होते आणि ऊनही सोसवत नाही. तट फिरावा तो उजाडताना, जेव्हा वरच्या हिरवळीवर स्थानिक माणसे फेरफटका मारत असतात आणि १९३९ सालच्या दीपगृहापासून फ्लॅग रॉक बुरुजापर्यंत निवांत चालत जाता येते. हा सारा किल्ला पायी फिरण्याजोगा आहे, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला दिवसभर वाहनाची गरज पडत नाही. पोहायलाच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. दीपगृहाखाली वाळूचा छोटासा पट्टा आहे, पण केवळ समुद्रस्नानासाठी येणाऱ्याने खुशाल उनावटुनालाच उतरावे.

खोली निवडताना बहुतेकजण तटाकडे तोंड असलेली, समुद्र दिसणारी खोली मागतात, आणि तिचे भाडेही त्याच हिशेबाने लावलेले असते. मी ती निवडणार नाही. सूर्यास्त पाहायला सगळे गाव तटावर लोटते, त्यामुळे ऐन संध्याकाळी या खोल्यांच्या खिडक्यांखाली गर्दी असते. शिवाय खारा वारा थेट लागत असल्याने वातानुकूलन यंत्रे, बिजागऱ्या आणि नळ लवकर गंजतात, आणि देखभालीत थोडी हयगय झाली तरी ते जाणवते. त्यापेक्षा मधल्या गल्ल्यांतले, लेन बान स्ट्रीटसारख्या रस्त्यावरचे जुने घर बघावे. डच काळातील या घरांची ठेवण अशी, की रस्त्याच्या बाजूने ती अरुंद दिसतात, पुढे खांबांचा व्हरांडा असतो, आणि आत शिरल्यावर घर खोलवर जात मध्यभागी उघड्या चौकाशी थांबते. प्रवाळी दगड आणि चुन्याच्या जाड भिंती, वर नळीची कौले आणि चौकातून फिरणारी हवा यांमुळे दुपारीदेखील खोलीत पंख्यावर भागते. अशी कित्येक घरे आता गेस्ट हाऊस झाली आहेत आणि काहींमध्ये मालकांचे कुटुंब मागच्या भागात राहते. शक्यतो अशाच घराला पसंती द्यावी.

तरीही आरक्षणापूर्वी काही गोष्टी विचाराव्यातच. वास्तू संरक्षित असल्याने लिफ्टची अपेक्षा ठेवता येत नाही आणि जिने उभे असतात, म्हणून वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तळमजल्याचीच खोली मागावी. चौकाच्या बाजूला उघडणाऱ्या खोलीला बाहेरची खिडकी नसण्याची शक्यता असते. मे ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात अशा खोलीत ओल धरते आणि चादरींना दमट वास येतो. सर्वात महत्त्वाचा प्रश्न भाड्याचा. दर डॉलरमध्ये सांगितला जातो आणि पुष्कळदा त्यापुढे अधिकची दोन चिन्हे असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि कर वेगळे. व्हॅट २०२४ पासून १८ टक्के आहे, म्हणजे निघताना हातात पडणारे बिल सांगितलेल्या दरापेक्षा पाव पटीहूनही अधिक भरू शकते. हीच गोष्ट मोठ्या उपाहारगृहांनाही लागू आहे. ऐपत असेल त्यांच्यासाठी अमनगल्ला हे आलिशान हॉटेल आहेच. सतराव्या शतकात डच अधिकाऱ्यांसाठी उभी राहिलेली आणि पुढे न्यू ओरिएंटल हॉटेल म्हणून नावाजलेली ही वास्तू आहे. तेथे राहणे न परवडणाऱ्यानेही एकदा व्हरांड्यात चहाला बसावे, कारण ती वास्तू पाहण्याचा तोच उत्तम मार्ग आहे.

आता जेवणाविषयी. सकाळची न्याहरी जेथे उतरलो तेथेच, आणि आदल्या रात्री श्रीलंकेची न्याहरी हवी असे सांगून घ्यावी. सांगितले नाही तर टोस्ट, जॅम आणि अंडी समोर येतात. सांगितले तर तांदळाच्या पिठाच्या इंदिआप्प येतात, म्हणजे कोकणातल्या शिरवाळ्यांच्या सख्ख्या बहिणी, पण तळहाताएवढ्या चकत्यांच्या, एकावर एक रचलेल्या. त्यांवर नारळाच्या दुधातली हळद घातलेली पातळ किरी होदी ओतायची, बाजूला परिप्पू म्हणजे मसूरडाळ, आणि लाल मिरचीबरोबर वाटलेले ओले खोबरे, पोल सांबोल. शाकाहारी वाचकांनी येथे सावध राहावे. पोल सांबोलमध्ये आणि कित्येकदा भाज्यांतही उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, आणि स्थानिकांच्या दृष्टीने तो मासा नव्हे तर मसाला असतो. त्यामुळे ‘मासा नको’ एवढे पुरत नाही. ‘उंबलकड नको’ असे नाव घेऊनच सांगावे लागते.

दुपारी मात्र दरवाजातून बाहेर पडून मेन स्ट्रीटच्या बाजूला जावे. किल्ल्यातल्या उपाहारगृहांत मांडणी देखणी असते, परंतु तिखट कमी केलेले असते आणि पैसे पर्यटकाच्या हिशेबाने पडतात. बाहेर, बाजारात येणारी आणि कचेऱ्यांतली माणसे जेथे जेवतात तेथे भात आणि चार-पाच कालवणे ताटात येतात, आणि त्यांत अंबुल तियल मिळाले तर ते सोडू नये. टुणा माशाचे हे सुके, काळसर कालवण दक्षिण किनाऱ्याची खासियत असून त्याचा आंबटपणा गोरका या कोकमाच्याच कुळातील फळाचा असतो, त्यामुळे आपल्या जिभेला ते पहिल्याच घासाला ओळखीचे वाटते. मात्र अशा ठिकाणी दुपारी लवकर जावे. दोननंतर ताजे काही उरत नाही.

रात्रीसाठी पुन्हा आत यावे. जुन्या डच रुग्णालयाच्या दुरुस्त केलेल्या इमारतीत आता उपाहारगृहे आहेत आणि वरच्या मजल्यावरून बंदराकडे पाहत बसता येते. जागा अप्रतिम आहे, जेवण ठीक. छोट्या कढईत तयार होणारी आप्प, म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटीसारखी खोलगट धिरडी, हा येथे मुख्यतः रात्रीचा पदार्थ, तेव्हा ती कढईतून थेट ताटात येत असतील तेथेच बसावे, कारण गार झालेल्या आप्पात काही राम नसतो. शेवटी मडक्यातले म्हशीचे घट्ट दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी मागवावी. दक्षिणेतील हे दही साऱ्या देशात वाखाणले जाते.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद राहते आणि किल्ल्यात स्थानिक सहलींची गर्दी होते. तसेच मैदानावर कसोटी सामना असेल तर दरवाजाजवळच्या खोल्या फार आधी भरतात, आणि त्या दिवसांत भाव कमी होण्याची आशा धरू नये.