टर्बो गाडीचा आवाज उतरवायचाय? कोणता सायलेन्सर घ्यावा

चाकणच्या पहिल्या शिफ्टसाठी मला पहाटे सव्वापाचला गाडी काढावी लागते. कोथरूडमधली आमची सोसायटी त्या वेळी झोपेत असते. मी घेतलेल्या सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडीचा सायलेन्सर आधीच्या मालकाने काढून मोठा पाइप टाकून घेतला होता. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदाच आणि अगदी शांतपणे सांगितलं, "अरे, बाळ दचकून उठतं रे रोज." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मग ही गाडी शांत करायचीच असं ठरवलं आणि मिळेल तो प्रत्येक पर्याय नीट समजून घेतला.

नवीन काही विकत घेण्याआधी गळती बघा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा आणि कुणाला तरी मागच्या नळीच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरायला सांगा. खालून फुसफुस ऐकू आली तर फ्लेक्स पाइप (लवचीक जोडनळी) किंवा गॅस्केट (जोडातली पट्टी) गेलंय. इंजिनकडून टिक-टिक येत असेल आणि गाडी तापल्यावर ती कमी होत असेल, तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, जोडाकडे बघा. अशा गाडीला कितीही चांगला मफलर, म्हणजे सायलेन्सरच, लावला तरी पैसे वाया जातात. विषारी धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, तेही बघून घ्या. तो काढलेला असेल तर आधी तो परत बसवा. आवाज, धूर आणि कायदा या तिन्हींसाठी तो लागतोच.

टर्बो गाडीचं गणित साध्या गाडीपेक्षा थोडं वेगळं आहे. एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूचा झोत टर्बोचं चाक, टर्बाइन, फिरवतो (त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलली जाते) आणि त्यात त्याचे धक्के बरेच बोथट होतात, म्हणजे टर्बो स्वतःच थोडा सायलेन्सर असतो. पण टर्बाइनच्या पुढे, मागच्या पाइपमध्ये दाब अडला तर टर्बो उशिरा फिरतो, पिकअप मरतो आणि उष्णता वाढते. म्हणून आवाज अडवायचा, पण वाट अडवायची नाही. या एकाच कसोटीवर पर्याय तपासले की निवड सोपी होते.

नळीच्या तोंडात बसवायचा 'डीबी किलर' इथेच बाद होतो. स्वस्त असतो, दहा मिनिटांत बसतो, पण वाट अरुंद करूनच आवाज कमी करतो. बटणावर उघडझाप होणारा व्हॉल्व्हही मी सोडून दिला. तो उघडा असताना गाडी तेवढीच मोठ्याने ओरडते.

खरी तुलना उरते चेंबरवाला आणि सरळ नळीचा या दोन डब्यांत, म्हणजे सायलेन्सरांत.

चेंबरवाल्या डब्यात आडव्या भिंती असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून एकमेकींना मारतात. खालच्या पट्टीचा घुमारा हा डबा चांगला दाबतो. त्यात भरण नसल्यामुळे जळून किंवा उडून जायला काही नसतं, त्यामुळे टिकतोही. पण वायूला वळणं घ्यावी लागतात आणि डबा जड असतो. सरळ नळीच्या डब्यात भोकांची जाळीदार नळी आरपार जाते आणि तिच्याभोवती ग्लासवूल किंवा स्टीलवूल भरलेलं असतं. वाट जवळपास मोकळी राहते, म्हणून टर्बोला हा मानवतो. वरच्या पट्टीची कर्कशता, फाटल्यासारखा आवाज तो छान शोषतो. खालचा घुमारा मात्र त्याच्या हातून निसटतो, आणि भरण काही वर्षांत उडालं की आवाज परत चढतो. बाहेरच्या कंपन्यांत फ्लोमास्टर मुख्यतः चेंबरसाठी ओळखली जाते, मॅग्नाफ्लो आणि बोर्ला सरळ नळीसाठी. दुकानात नुसतं नाव वाचून घेऊ नका. टॉर्च लावून आत बघा. सरळ नळीतून पलीकडचा उजेड दिसतो.

दुकानदार 'टर्बो मफलर' पुढे करेल. नावावर जाऊ नका. हे नाव १९६० च्या दशकातल्या टर्बो असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या सायलेन्सरवरून पडलं, आणि आता इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या कुठल्याही डब्याला लावलं जातं. शांतता बरी मिळते, प्रवाह सरळ नळीपेक्षा कमी. इंजिन मुळातलंच असेल तर चालून जाईल.

आकाराकडे लोक फार कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डबा जितका लांब आणि पोटाला मोठा, तितकी शांतता जास्त. चकचकीत छोटा गोल डबा दिसायला देखणा असतो, पण त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मागे जागा कमी असेल तर मधल्या पाइपवर रेझोनेटर, म्हणजे आवाज दाबणारा आणखी एक डबा, टाका. एका मोठ्या आवाजाचं काम दोन डब्यांत वाटलं की दोघांनाही वाट अडवावी लागत नाही. फक्त तो गाडीच्या पोटाशी चिकटवून बसवून घ्या. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर खाली लोंबणाऱ्या डब्याची गय करत नाहीत.

आता घुमाऱ्याबद्दल. शहरात ठीक वाटणारी गाडी एक्सप्रेसवेवर १०० ला धरली की केबिनमध्ये एकसुरी घूंऽऽ सुरू होते आणि लोणावळ्यापर्यंत डोकं धरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे २,५०० आरपीएमला (मिनिटाला २,५०० फेऱ्यांना) साधारण ८३ हर्ट्झ. यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली, टोक बंद असलेली बाजूची नळी. तिला जे-पाइप म्हणतात. तिची लांबी त्या लाटेच्या पाव असावी लागते. गरम वायूत आवाज वेगाने धावतो, त्यामुळे ती सव्वा मीटरच्या पुढे जाते. तीन सिलिंडरच्या गाडीत तोच घुमारा ६२-६३ हर्ट्झवर येतो आणि नळी पावणेदोन मीटरची होते. छोट्या हॅचबॅकखाली ती बसवायची कुठे? तिथे मोठा चेंबरवाला डबाच बरा.

कंपनीचा मूळ सायलेन्सर मिळत असेल आणि इंजिनात फारसा बदल नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तोच घ्या. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडीची आवाजाची चाचणी होते ती त्या मूळ जोडणीसकट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाचे निकष मोडल्याबद्दल पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे. मूळ डबा असला की ही चिंता राहत नाही.

रीमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली), ताकद वाढवलेली गाडी असेल तर मधे लांब रेझोनेटर आणि मागे मोठा सरळ नळीचा डबा. चार सिलिंडर असून घुमारा उरलाच, तर मग जे-पाइप. माझ्या गाडीला मूळ डबा मिळाला नाही, म्हणून मी भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून रेझोनेटर आणि सरळ नळीचा डबा ही जोडी बसवून घेतली. जे-पाइपची गरज पडली नाही.

धातूत कंजुषी करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या असतील तर डबा पुरता तापत नाही, पाणी आत साचतं आणि तो आतून सडतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, ४०९ वर गंज लवकर दिसतो. डब्याच्या तळाशी बारीक निचऱ्याचं भोक आहे ना, तेही बघा.

काम सुरू करण्याआधी नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात फोन धरून ठरावीक आरपीएमला आवाज मोजून ठेवा. नंतर त्याच जागी, त्याच फोनवर पुन्हा मोजा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक खरा असतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. फॅब्रिकेटरशी बोलताना हाच फरक ठरवून घ्या, आणि वेल्डिंग पक्कं करण्याआधी वेल्डिंगच्या नुसत्या तात्पुरत्या टाक्यांवर गाडी उभी असतानाच तो मोजून बघा.