जाहिरातीत लडाख, नशिबात धायरी फाटा : क्रॉसओव्हरचे पंधरा महिने

ही क्रॉसओव्हर, म्हणजे जीपछाप एसयूव्हीसारखी दिसणारी उंच कार, २०२४च्या दसऱ्याला घेतली. आज पंधरा महिने झालेत, मीटरवर १९,४०० किलोमीटर आहेत. एक लिटरचं टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, लांबी चार मीटरला जेमतेम कमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सर्व्हिस सेंटरशी एक वाद अजून मिटायचा आहे, आणि तसंही पुढचं बरंचसं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

ज्या जाहिरातीवर आमचे चिरंजीव भाळले, तिच्यात ही गाडी वाळवंटातून धुरळा उडवत येते, ओढ्यात घुसते आणि शेवटी कड्यावर एकटीच उभी राहते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे कसबी चालकांनी केलंय, तुम्ही करायला जाऊ नका. संध्याकाळी सात वाजता पुण्यात धायरी फाट्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाळीस मिनिटं काढणारा टकलू गृहस्थ त्या जाहिरातीत कुठेच नव्हता. गाडी मात्र त्यानं घेतली.

शोरूममधला मुलगा ‘सर, प्रॉपर एसयूव्ही आहे’ असं दर दोन वाक्यांनी सांगत होता. करखात्याला विचाराल तर एसयूव्ही ठरायला लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर लागते. माझी गाडी तिसऱ्या अटीत बसते, पहिल्या दोन्हींत नापास. म्हणजे कर भरताना ती छोटी कार आणि जाहिरातीत वाघ. आमच्या वेळी या छोट्या पेट्रोल गाड्यांवर सेस धरून २९ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, तो १८वर आला. अकरा महिने थांबलो असतो तर! असो, ती जखम वेगळी.

‘क्रॉसओव्हर’ हा शब्द आपल्याकडे एकदा विकून पाहिला गेला होता. २०१३ ते २०१५च्या दरम्यान क्रॉस पोलो, इटिओस क्रॉस, आय-ट्वेंटी ॲक्टिव्ह आल्या: ओळखीची हॅचबॅक, खालून काळं प्लास्टिक, छतावर दांड्या. लोक हसले. २०१५मध्ये मारुतीनं एस-क्रॉस क्रॉसओव्हर म्हणूनच आणली, पण गिऱ्हाइकाला तो शब्द काही पचला नाही. आता गाड्या त्याच जातीच्या आहेत, फक्त सगळ्यांना एसयूव्ही म्हणतात. मारुतीची फ्राँक्स (माझी ती नव्हे) त्यांच्याच बलेनो हॅचबॅकच्या सांगाड्यावर उभी आहे. आणि २०२४मध्ये देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी म्हणजे टाटाची पंच. तेव्हा हसणारे आपण आता रांगेत उभे आहोत, मीही त्यातलाच.

फरक कळायचा तर गाडीखाली वाकून बघावं. बोलेरो किंवा स्कॉर्पिओला शिडीसारखी लोखंडी चेसिस असते, बॉडी तिच्यावर वेगळी बसवलेली, आणि जोर मागच्या चाकांना. माझ्या गाडीला वेगळी चेसिसच नाही, बॉडी एकसंध आणि जोर पुढच्या चाकांना. हे मी वाचलेलं होतं. पटलं ते गेल्या जुलैत, कणकवलीच्या पुढे आमच्या गावी. घराकडे जाणारी पाणंद चढाची, खाली जांभा, त्यावर शेवाळ. गाडीत आम्ही पाच जण आणि मागे सामान, म्हणजे सगळं वजन मागे. पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायला लागली. मी ऐटीत ‘मड’ मोडचं बटण दाबलं. ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे देतं, पण दुसरंही शेवाळावरच होतं. रबर जळल्याचा वास आला. शेवटी शेजारच्या काकांनी बोलेरो आणून दोर बांधला. बांधता बांधता म्हणाले, “दिसता जीप, पण आसा कारच मा रे?” पंधरा महिन्यांत ऐकलेला हा सगळ्यात नेमका रिव्ह्यू.

त्याच दिवशी बंपरखालची चंदेरी ‘स्किड प्लेट’ दगडाला घासली. चंदेरी रंग निघाला, आत काळं प्लास्टिक. छतावरच्या दांड्याही शोभेच्या, त्यांच्यावर काही बांधू नका असं कंपनीच्या पुस्तकातच छापलंय. चाकांभोवतीचं काळं प्लास्टिक एका उन्हाळ्यात पांढरट पडलं. ते वॉरंटीत बदलून द्यायचं की नाही, हाच तो वाद.

मायलेज. जाहिरातीतला आकडा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला असतो. ही चाचणी रोलरवर, ठरावीक वेगाच्या तक्त्यानुसार, एसी बंद ठेवून होते आणि वेग ९०च्या वर जात नाही. एआरएआय आमच्या कोथरूडच्याच वेताळ टेकडीवर आहे, पण टेकडी उतरून कर्वे रस्त्याला लागलात की तो आकडा विसरायचा. मला शहरात ११ ते १२ मिळतं, कोल्हापूरच्या हायवेवर ९०-९५ला धरली तर १७. ॲक्सिलरेटर दाबून टर्बोला जरा डिवचलं की १४.

राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरताना जुन्या हॅचबॅकची आठवण येते. ही उंच असल्यामुळे वळणावर अंग टाकते आणि मागे बसलेल्या बायकोला मळमळतं. छताचा उतार छान दिसतो, पण त्यापायी मागची काच खिडकीच्या फटीएवढी झाली आहे. कॅमेऱ्याशिवाय रिव्हर्स घ्यायचं धाडस होत नाही. १६ इंची टायर बदलायची वेळ येईल तेव्हा खिशाला कळेल.

याच कंपनीची, याच इंजिनाची हॅचबॅक मला सव्वा लाखानं स्वस्त पडत होती. मग हे सव्वा लाख कशाचे? चिखलाचे, वाळूचे, कड्याचे नक्कीच नाहीत. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी कुणीतरी हौसेनं बांधलेले तीन स्पीडब्रेकर आहेत. जुनी गाडी प्रत्येकावर पोट घासायची, हिनं अजून एकदाही आवाज केलेला नाही. पावसाळ्यात सिंहगड रोडवर पाणी साचतं तेव्हा पुढचा खड्डा थोडा आधी दिसतो. तुम्ही एकटे-दुकटे, बहुतेक गावातच फिरणारे असाल तर हॅचबॅक घ्या, पैसे वाचवा. कच्च्या रस्त्यानं रोज शेतावर जाणारे असाल तर या गाडीकडे बघूसुद्धा नका.

आम्ही मात्र पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेऊ, आणि त्याचं कारण कुठल्याच जाहिरातीत दाखवत नाहीत. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. जुन्या गाडीत बसताना ती आधी दार धरायची, मग माझा खांदा, मग ‘आई गं’ म्हणत सीटवर पडायची. उठवायला दोघं लागायचे. हिची सीट तिच्या बरोबर कमरेला येते. ती पाठमोरी टेकते, पाय आत घेते, झालं. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, “हेच्यात वाकूक लागणा नाय, नि चढूक पण लागणा नाय.” आता दर महिन्याला गावी जायचं तीच काढते. पाणंदीच्या तोंडाशी मी गाडी थांबवतो, आणि तिथून वर आम्ही काकांच्या बोलेरोतून जातो. तिच्यात चढवायला मात्र अजून स्टूल लागतं.