कान वाजतात म्हणून मास्करवालं कानाचं मशीन घेतलं, दिवाळीपासूनचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या जरा आधी घेतलं आणि आता पावसाळा संपत आलाय, म्हणजे थंडी, उन्हाळा, पाऊस सगळ्यात वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. दोन्ही कानांना आरआयसी टाइपचं मशीन आहे, म्हणजे कानामागे छोटा भाग, त्यातून बारीक वायर आणि रिसिव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, कानाच्या आत. त्यात टिनिटस मास्कर आहे, टिनिटस म्हणजे कान वाजणं आणि मास्कर म्हणजे त्यासाठी मशीनमधनंच एक हळू आवाज सोडायची सोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सिग्निया, वायडेक्स, ओटिकॉन, फोनॅक, रिसाउंड, सगळ्यांच्या मशीनमध्ये आता हे मिळतं, प्रत्येकानं नाव वेगळं ठेवलंय एवढंच. मला विचाराल तर कंपनीपेक्षा ते लावून देणारा माणूस कोण आहे याच्यावर जास्त अवलंबून आहे, ते पुढं येईलच.

पहिलं सांगून टाकतो, कान वाजायचे थांबलेले नाहीत. आत्ता लिहिताना पण डाव्या कानात बारीक शिट्टी चालूच आहे. पण वर्षापूर्वी त्या शिट्टीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही, आणि आता दिवसातले कितीतरी तास ती आहे हे माझ्या लक्षातच नसतं. मशीननं मला दिलं ते एवढं, आणि माझ्यासाठी ते फार मोठं आहे.

आम्ही इचलकरंजीचे. खाली कारखाना, वर घर, साधे माग, म्हणजे धोट्याचे यंत्रमाग. लहानपणापासून तोच आवाज. ज्यांनी साधा माग चालताना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन जाणारा तुकडा, या पेटीतनं त्या पेटीत मिनिटाला शंभरावर वेळा आदळतो, असे शेजारी शेजारी माग लावलेले, वर पत्रा. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आणि हिशोब असा आहे की 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत करत शंभरला फक्त पंधरा मिनिटं. आमच्याकडं पाळी बारा तासांची. हा हिशोब मला कुणी आधी सांगितला असता तर... असो. गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळं कुणाला ऐकू कमी येतंय हे कळतच नाही लवकर.

दोनेक वर्षांपूर्वी कुंईऽऽ असा आवाज सुरू झाला तो थांबेना. लाइट गेली की सगळे माग बंद होतात, पूर्वी तेवढी शांतता बरी वाटायची, तीच नकोशी झाली कारण तेव्हाच शिट्टी सगळ्यात मोठी ऐकू यायची. झोप गेली. चिडचिड व्हायची, घरात कुणाशी धड बोलणं नाही. लोकांनी सांगितलं म्हणून लसणाचं तेल घातलं (डॉक्टर म्हणाले पडद्याला भोक असेल तर तेलानं उलट इन्फेक्शन होतं, तेव्हा तपासल्याशिवाय कानात काही घालू नका), भ्रामरी केली, त्यानं मन शांत व्हायचं पण आवाज तेवढाच राहायचा. एका ठिकाणी जिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, महाग, महिनोनमहिने खाल्ल्या. नंतर समजलं की अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगून ठेवलंय की टिनिटससाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन देऊ नका. त्याच गाइडलाइनमध्ये ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एड लावून बघा आणि सीबीटी म्हणजे समुपदेशनाची एक पद्धत वापरा असं आहे. हे दोन्ही मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, "सवय करून घ्या" एवढंच म्हणाले. सवय कशी करायची ते कोण सांगणार हो?

मग कोल्हापूरला एका ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करून मशीन लावून देणाऱ्या) मॅडमकडं गेलो आणि तिथून गाडी रुळावर आली. त्यांनी तासभर फक्त तपासणी केली. बंद केबिनमध्ये बसवून हेडफोन लावून बटण दाबायला देतात ती टेस्ट, ऑडिओग्राम. जाड आवाज मला जवळजवळ नॉर्मल ऐकू येतात, पण 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजाच्या पट्टीत, आलेख धाडकन खाली, 60 डेसिबलवर. मॅडम म्हणाल्या यंत्राच्या आवाजात काम केलेल्या माणसाचा आलेख असाच असतो, तिथंच खड्डा पडतो. मग माझी शिट्टी शोधली. एकेक आवाज ऐकवायच्या आणि विचारायच्या, हा जवळचा की तो? बारीक की जाड? शेवटी 6000 च्या आसपास एक आवाज लागला आणि मी खुर्चीतच ताठ झालो, हाच! डोक्यातला आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला. बायको सोबत होती, तिला पण ऐकवला. ती काही बोलली नाही पण त्या दिवसापासून "दुर्लक्ष करा की" म्हणायची बंद झाली. या एका गोष्टीसाठी तरी घरातल्या माणसाला बरोबर न्या.

कारण पण त्यांनीच नीट समजावलं. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, आवाजानं त्या मरतात आणि माणसात परत येत नाहीत. त्या पट्टीतला आवाज मेंदूला मिळेनासा होतो, मग मेंदू आपल्याकडून व्हॉल्यूम वाढवतो आणि ती वाढवलेली पोकळीच शिट्टी होऊन ऐकू येते. म्हणून जो आवाज कमी पडतोय तो मशीननं परत दिला की मेंदूची ओढाताण कमी होते. मास्कर त्यानंतरचा.

मला वाटायचं मास्कर म्हणजे शिट्टी बुडेल इतका मोठा आवाज लावायचा. तसं नाही. तो शिट्टीच्या किंचित खाली ठेवायचा, दोन्ही आवाज एकदमच ऐकू आले पाहिजेत, तरच मेंदू शिट्टीला बिनकामाची समजून मागं टाकायला शिकतो. माझ्या मशीनमध्ये व्हाइट नॉइज (एकसारखा खरखर आवाज), पिंक नॉइज (तसाच पण जरा जाड) आणि समुद्राच्या लाटांसारखा एक आवाज आहे. व्हाइट नॉइज मला बिलकुल झेपला नाही, परत कारखान्यात बसल्यासारखं वाटायचं. लाटांवर टिकलो, आवाज एकदम हळू. आता तर घरात माणसं असली, टीव्ही चालू असला की मास्कर बंदच असतो, नुसतं ऐकू येण्यानंच भागतं. दुपारी एकटा हिशोब लिहीत बसलो की लावतो.

ऐकण्याचं सांगतो, कारण याच्यासाठी मी मशीन घेतलंच नव्हतं आणि फायदा सगळ्यात जास्त यातच झाला. फोनवर सुताच्या व्यापाऱ्याशी बोलताना साठ म्हणाला का आठ, हे मला कळायचं नाही. स, श, फ, थ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात, नेमकी तीच उडालेली, नुसता "आठ" राहायचा. दर विचारताना दोन-दोनदा "किती?" करायचो, समोरचा वैतागायचा. पोरगी भरभर बोलते, तिचं अर्धं बोलणं मी अंदाजानं जोडायचो. दिवसभर असं जोडत बसायचं म्हणजे माणूस संध्याकाळी गळून जातो आणि गळलेल्या माणसाला शिट्टी जास्त त्रास देते, हे चक्र मला मशीन लावल्यावर समजलं. आता साठ म्हणजे साठच ऐकू येतो.

पहिले दोन-तीन आठवडे मात्र कठीण गेले. भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, पेपर उलटला तरी करकर, आपल्याच चपलांचा आवाज. काढून ठेवावंसं वाटतं, पण ठेवू नका. मॅडमनी मुद्दाम आवाज कमी ठेवून दिला होता आणि पुढच्या भेटींत थोडा थोडा वाढवला. सेटिंगला मी बऱ्याचदा गेलो आणि दर वेळी काहीतरी सुधारलं. एका मोठ्या दुकानात मला टेस्ट न करताच त्यांचं सगळ्यात महागडं मॉडेल दाखवत होते, अशा ठिकाणी पैसे देऊ नका. घरी नेऊन आठ-दहा दिवस ट्रायल देतील का हे आधी विचारा. आणि ऑनलाइन दोन-तीन हजाराला मिळतात ती मशीनं सगळेच आवाज सरसकट वाढवतात, माझ्यासारख्या आलेखाला त्यानं त्रासच होईल.

आता तक्रारी. जोडीचे पैसे पाऊण लाखाच्या पुढं गेले, हिअरिंग एडवर जीएसटी नाही तरी एवढे, आणि माझ्या पॉलिसीत ते बसलं नाही. माझं सेलवालं आहे, 312 नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला. आठवडाभर म्हणतात, मास्कर आणि ब्लूटूथ चालू असलं की त्याआधीच संपतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा, हे केलं तर जरा जास्त टिकतो. परत घेतलं तर चार्जिंगवालं घेईन. पावसाळ्यात घामानं आणि दमटपणानं उजवा आवाज बारीक झाला, घाबरलो, पण रिसिव्हरच्या टोकाला मेणाची जाळी असते ती भरली होती. ती बदलायची काडी बॉक्समध्येच असते, एका टोकानं जुनी ओढायची, दुसऱ्या टोकानं नवी दाबायची, झालं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेलचं दार उघडं टाकून. हेल्मेटशी याचं अजिबात जमत नाही, घालताना वायर ओढली जाते, आत शिट्टी मारतं (ही मशीनची शिट्टी) आणि गाडीवर वारा फार ऐकू येतो. मी काढून खिशात डबीत ठेवतो.

रात्रीचा प्रश्न मशीननं सुटत नाही कारण झोपताना काढावंच लागतं. उशाशी छोटा स्पीकर, त्यावर पावसाचा आवाज, हळू, रात्रभर. टायमर लावला होता तर तो बंद झाला की दचकून जाग यायची, म्हणून टायमर नको. अगदी शांत खोलीत झोपायचा हट्ट सोडला हे बरं झालं. तरी दगदग झाली, जागरण झालं की दुसऱ्या दिवशी आवाज चढतोच, पण तो एक-दोन दिवसांत उतरतो हे आता माहीत आहे म्हणून धसका बसत नाही.

मोजून बघायचं तर कान वाजण्याचा त्रास किती आहे ते सांगणारी एक प्रश्नावली असते, 25 प्रश्नांची, हो ला 4, कधीकधी ला 2, नाही ला 0. सुरुवातीला माझे 62 आले होते म्हणजे त्रास जबर या गटात, मागच्या भेटीत 30 आले, म्हणजे सौम्य. याच्यात मशीनचा वाटा किती आणि मॅडमनी दर वेळी बसवून जे समजावलं त्याचा किती, हे मला वेगळं करता येणार नाही. समजावल्याशिवाय नुसतं मशीन मिळालं असतं तर कपाटात पडलं असतं असं मला वाटतं.

एक महत्त्वाचं, आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड असा येत असेल, चक्कर असेल तर मशीन बघत बसू नका, आधी ईएनटी म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टर. आणि एका कानानं अचानक ऐकू यायचं बंद झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा, त्यात स्टिरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता असते, आठवडे गेले की संधी जाते.

कारखान्यात मी मशीन काढतो आणि कानावर मफ, म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे कप, लावतो. मशीन घालून आत गेलात तर कानाला संरक्षण काहीच मिळत नाही. फक्त मफ घरी किंवा रस्त्यावर घालायचे नाहीत, शांततेत कान झाकले की शिट्टी मोठी होते आणि साधे आवाज पण सोसेनासे होतात. कामगारांसाठी फोमचे प्लग आणले, आधी कुणी घालेना, माग बिघडला तर कळणार नाही म्हणत होते. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, दाखवलं की प्लग घालून पण धोट्याचा ठोका चुकला तर समजतो, मग त्यानं घातले आणि त्याचं बघून बाकीच्यांनी. प्लग चिमटीत बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा आणि आत घालून फुगेपर्यंत धरायचा, नाहीतर नुसता तोंडाशी अडकतो आणि उपयोग शून्य. सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी म्हणतात त्यांच्या कानात रातकिडे ओरडतात, कित्येक वर्षं झाली, कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यांची आणि जॉबरची तपासणी दसऱ्याच्या आधी करून आणतोय, खर्च कारखान्याचा.